'कारण अज्ञात' म्हणजे काय?

मधुमेह ओळखायला आपण रक्तातली साखर मोजतो. काही आजारांना मात्र अशी खूणच नसते. बाकी सगळ्या शक्यता बाद झाल्यावर जे उरतं, त्याला नाव द्यायचं! अज्ञात कारणाने कवटीतला दाब वाढणं हा असाच एक आजार. तो मुख्यतः वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांना होतो. डोकं दुखत राहतं. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेवर दाब पडून दृष्टीही जाऊ शकते.

आपला मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पाण्यासारखा द्रव असतो. १८९१ साली जर्मनीत हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून हा द्रव काढला, त्याचा दाबही मोजला. मग दाब वाढलेला, पण मेंदूत गाठ नाही, असे रुग्ण लक्षात येऊ लागले. १९०४ मध्ये माक्स नोन यांनी या आजाराला 'मेंदूची खोटी गाठ' अशा अर्थाचं नाव दिलं. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत त्यांचीच. गाठ असती, तर या पोकळ्या सरकलेल्या किंवा फुगलेल्या दिसल्या असत्या. तसं काही दिसलं नाही.

१९५५ मध्ये या आजाराला 'सौम्य' हे विशेषण लागलं. जीव जात नाही ना, मग सौम्य! पण १९८२ मध्ये कॉर्बेट आणि सहकाऱ्यांनी ५७ रुग्णांचा ५ ते ४१ वर्षांचा पाठपुरावा मांडला. त्यांतल्या १४ जणांची दृष्टी कायमची अधू झाली होती. 'सौम्य' हा शब्द मागे पडला.

आजही निदानासाठी सुई टोचावीच लागते. मोठ्या माणसात द्रवाचा स्तंभ २५० मिलिमीटर किंवा त्याहून उंच चढला, तर दाब वाढलेला मानतात. पण का वाढला आणि कोणाची दृष्टी धोक्यात आहे, हे या आकड्यावरून कळत नाही. म्हणून आम्हां संशोधकांना रक्तात किंवा या द्रवात एखादी रासायनिक खूण हवी आहे. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाला अशा स्त्रियांच्या रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त आढळलं. तुलना वजनदार, पण हा आजार नसलेल्या स्त्रियांशी केली होती. ती सडपातळ स्त्रियांशी केली असती, तर काय घोटाळा झाला असता? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

ही वाढ आजाराचं कारण की परिणाम, हे अजून ठरायचं आहे. भरवशाची खूण मिळाली, तर दृष्टीचा धोका असलेल्या रुग्णाला वेळेवर गाठता येईल.