जुन्नर : पायथ्याशी राहून गेलेले शहर



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. कोणी महाबळेश्वर सुचवितो, कोणी दौलताबाद-वेरूळ, तर कोणी थेट कोकणचा समुद्र. ही स्थळे पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. परंतु आपल्याच पुणे जिल्ह्यात असे एक शहर आहे की, त्याच्या उंबरठ्यापर्यंत दरवर्षी लाखो माणसे जातात आणि आत न डोकावताच परत फिरतात. ते शहर म्हणजे जुन्नर.

आपल्या मोरगावापासूनच पाहा. अष्टविनायकांची यात्रा आपल्या गावच्या मयूरेश्वरापासून सुरू होते. या मंदिराच्या चार कोपऱ्यांवरील मिनार आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, म्हणूनच कदाचित त्यांचे आपल्याला काही वाटत नाही. दोन परंपरांचे कारागीर एका भिंतीवर काम करीत होते, याची ते मिनार साक्ष देतात. याच यात्रेतील ओझर आणि लेण्याद्री ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. यात्रेकरू लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतात, उतरतात आणि गाडीत बसतात. दुसरे काही लोक शिवनेरीवर जाऊन शिवजन्मस्थानाचे दर्शन घेतात व तेही परततात. दोहोंच्या मध्ये वसलेले दोन हजार वर्षांचे शहर मात्र तसेच राहून जाते. ते का पाहावे, याची काही कारणे या लेखात आपल्यापुढे ठेवीत आहे.

घाटमाथ्यावरची पेठ

पहिले कारण जुन्नरच्या प्राचीनतेचे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल देशावर आणावयाचा तर सह्याद्री ओलांडावा लागे. ती वाट नाणेघाटातून येई आणि घाट चढून आलेला व्यापारी पहिला विसावा जुन्नरला घेई. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील विस्तृत लेख आहे. त्यात यज्ञांची व दानांची मोजदाद दिली असून त्यातील आकडे हे आपल्या देशात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी मानले जातात. गणिताला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर ही गुहा अवश्य पाहावी!

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी व खोदकामे आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीचे कडे अशी ती विखुरलेली आहेत. ती कोणी खोदविली? केवळ राजांनी नव्हे. तेथील लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणींचा, म्हणजे संघांचा, उल्लेख आहे. कष्ट करून खाणारी ही माणसे एकत्र येऊन सार्वजनिक कार्यासाठी पैसा ठेवीत होती. आपल्यासारख्या शिक्षणसंस्था ज्या लहानमोठ्या देणग्यांवर चालतात, त्यांची ही फार जुनी वडीलधारी मंडळी म्हणावयाची. दात्यांमध्ये काही यवनही आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. परमुलुखातून आलेला माणूस येथे पाणी आणि अन्न यांची सोय करून नाव ठेवून गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्वेरचा पाहुणा

दुसरे कारण एका रशियन व्यापाऱ्याचे आहे. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग ही नावे सर्वांना ठाऊक असतात. त्या दोहोंच्या मध्ये व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचे एक शहर आहे. त्याकडेही प्रवासी फारसे वळत नाहीत. त्या शहराचा अफनासी निकितिन हा व्यापारी १४७० च्या सुमारास चौल बंदरी उतरला व घाट चढून जुन्नरला आला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. म्हणजे त्याच्या पाव शतकाहूनही अधिक आधी हा युरोपीय माणूस आपल्या जिल्ह्यात पावसाळा काढून गेला होता.

त्या काळी चांगले घोडे समुद्रापलीकडून येत व दख्खनमध्ये त्यांना मोठी किंमत मिळे. निकितिननेही एक घोडा बरोबर आणला होता. जुन्नरवर तेव्हा बहामनी राज्याचा अंमल होता आणि असदखान नावाचा सरदार तेथे कारभार पाहत होता. निकितिनने आपल्या प्रवासवर्णनात जुन्नरच्या गडाचे, एकेकट्याने चढावे लागणाऱ्या अरुंद वाटेचे, चार महिन्यांच्या पावसाचे व चिखलाचे वर्णन केले आहे. गोऱ्या माणसाचे नवल वाटून लोक आपल्यामागे जमत, असेही तो सांगतो.

पुढे त्याच्यावर संकट ओढवले. असदखानाने त्याचा घोडा जप्त केला आणि त्याला बजावले की, धर्म बदललास तर घोडाही देईन व वर सोन्याची हजार नाणीही देईन. विचार करण्यास चार दिवसांची मुदत दिली. परक्या मुलुखात एकटा पडलेला तो माणूस घाबरून गेला. तेवढ्यात मुहम्मद नावाचा एक खुरासानी ख्वाजा तेथे आला. निकितिनने त्याचे पाय धरले. ख्वाजा स्वतः खानाकडे गेला, रदबदली केली, धर्म बदलण्याची अट मागे घ्यावयास लावली आणि घोडाही परत मिळवून दिला.

वाचकहो, ही कथा मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. सत्ता हाती असलेला खान मुसलमान होता आणि एका अनोळखी ख्रिस्ती माणसासाठी त्या सत्तेपुढे उभा राहणारा ख्वाजाही मुसलमानच होता. इतिहासात दोन्ही प्रकारची माणसे असतात. पहिल्यावर पांघरूण घालू नये आणि दुसऱ्याला विसरू नये. आपण कोणाचे वारस व्हायचे, हे मात्र आपल्याच हाती असते.

निकितिन मायदेशी परतत असता, घर गाठण्यापूर्वीच वाटेत वारला. त्याची वही तेवढी राहिली. त्वेरच्या लोकांनी १९५५ साली व्होल्गाकाठी त्याचा पुतळा उभारला. ख्वाजा मुहम्मदाची आठवण मात्र त्या वहीतील काही ओळींवरच टिकून आहे.

एका राज्याची पहाट, दुसऱ्याची पायाभरणी

तिसरे कारण राजकीय इतिहासाचे. बहामनी राज्य मोडकळीस आले तेव्हा जुन्नरच्या मलिक अहमदने १४९० साली बहामनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र राज्य स्थापिले. तीच निजामशाही. या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. पुढे दौलताबाद घेण्याच्या दृष्टीने सोयीची जागा म्हणून अहमदने १४९४ साली अहमदनगर वसविले व राजधानी तिकडे नेली. अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) नाव सर्वांना माहीत झाले. परंतु त्या राज्याचा पाळणा जुन्नरला हलला होता.

शंभरएक वर्षांनी मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा हबशी वजीर मलिक अंबर याने बुडते राज्य सावरले आणि १६०७ साली जुन्नर पुन्हा राजधानी झाली. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा स्वतःच्या अकलेवर राज्याचा सूत्रधार झाला. जमीनमहसुलाची घडी, खडकीचे पाणी आणि गनिमी कावा या तिन्ही गोष्टींत त्याचे नाव घेतले जाते. याच निजामशाहीत मालोजीराजे भोसले चाकरीस होते. ते आपल्या शेजारच्या इंदापूरच्या लढाईत कामी आले. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यास त्यांनी नवस केला व मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे तर आपल्या हाकेच्या अंतरावर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत हे दोघे बंधू मलिक अंबरच्या बाजूने लढले व शरीफजी तेथे धारातीर्थी पडले. मलिक अंबर १६२६ साली वारला आणि चारच वर्षांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर जिजाऊसाहेबांच्या पोटी शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

याच महाराजांनी १६५७ साली मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर छापा घालून तीन लाख होन व दोनशे घोडे नेले. ही पेठ किती संपन्न होती, याची कल्पना त्यावरून यावी.

कागदाचे गाव

चौथे कारण मला सर्वांत जवळचे वाटते. जुन्या मोडी दफ्तरांत 'जुन्नरी कागद' हा शब्द वारंवार भेटतो. जुन्नर हे हातकागदाचे मोठे केंद्र होते व तो बनविणारे कागदी हे मुसलमान कारागीर होते. ताग, जुने दोर, गोणपाट व चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या, कुटायच्या, नदीवर धुवायच्या, लगदा चाळणीवर धरून एकेक पत्र उचलायचे, भिंतीवर वाळवायचे, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्याला झळाळी आणायची, असा तो हुन्नर होता. पेशवाईत पुण्यातही कागदीपुरा वसला. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बुडाला.

मित्रांनो, "या इतिहासात आपले काय?" असा प्रश्न तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात येतो, पण तो तुम्ही वर्गात विचारीत नाही. त्याचे उत्तर या कागदात आहे. मराठी दौलतीच्या सनदा, हिशेब आणि पत्रे ज्या कागदांवर लिहिली गेली, त्यांत या कारागिरांच्या हातचा कागद होता. लेखणी एकाची, कागद दुसऱ्याचा, आणि दस्तऐवज मात्र दोघांचा.

काय आणि कसे पाहावे

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावला उतरले की जुन्नर सुमारे पंधरा किलोमीटर. दोन दिवस हाती असतील तर उत्तम. पहिल्या दिवशी शिवनेरी पाहावी. शिवजन्मस्थान, शिवाई देवीचे मंदिर, धान्याचा अंबरखाना, गंगा-जमुना टाकी आणि कमानी मशीद या साऱ्या वास्तू एकाच गडावर आहेत. उतरल्यावर हापूसबागेतील सौदागर घुमट पाहावा. मूळच्या हबशीबागेचे हापूसबाग झाले, असे सांगतात. तो भव्य दगडी घुमट व त्यावरील कोरीव काम पाहताना घाई करू नये. दुसऱ्या दिवशी लेण्याद्री व नाणेघाट. वेळ उरल्यास खोडदची रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातील लहरी टिपतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दुसरे प्रलोभन नको.

वही-पेन्सिल बरोबर घ्यावी. भिंतीवर स्वतःचे नाव कोरू नये. ज्यांनी ही कामे केली त्या पाथरवटांपैकी बहुतेकांनी आपले नाव लिहिले नाही.

पालकांना एक विनंती. मुलाला सहलीस पाठवावे आणि मुलीला घरी ठेवावे, असे करू नका. जुन्नरचा प्राचीन लेख एका राणीचा आहे आणि शिवनेरीची कीर्ती एका आईची आहे. मुलींनीच हे शहर आधी पाहिले पाहिजे. एसटीच्या भाड्याचा खर्च शिकवणीच्या एका महिन्याच्या फीपेक्षा जास्त नाही, आणि त्यातून मिळणारे इल्म आयुष्यभर पुरते.

जुलै २०२५ मध्ये शिवनेरीची गणना इतर मराठा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. जगाचे लक्ष आता त्या गडाकडे वळेल. गडाखालच्या शहराकडे लक्ष देण्याचे काम आपल्याकडे आहे. घुमटांचे चिरे निखळत जातात आणि माहिती सांगणारे बुजुर्ग कमी होत जातात. ते आहेत तोवर जुन्नर पाहून घ्या. या वर्षीची सहल ठरविताना मुलांनो, तुमच्या वर्गशिक्षकांना हे नाव सुचवा.