खेळांची खोटी उतरंड

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक मिळवले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे नाव देशभर गेले. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. कौतुकात कुठे कसर राहिली नाही. तरी त्या आठवड्यात एक वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत राहिले: "पदक आलं, आनंदच आहे. पण शेवटी कुस्ती ती कुस्ती. नेम धरायला असं काय लागतं?"

हे म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नाही. खाशाबांबद्दलचा आदर त्यातून बोलत असतो. पण त्याच्या बुडाशी एक समज घट्ट बसला आहे. सगळ्या खेळांची एक उतरंड आहे, वर अंगमेहनतीचे आणि अंगाला भिडण्याचे खेळ, खाली उभ्याने, बसून, घाम न गाळता खेळायचे खेळ, असा तो समज. तो मला साफ चुकीचा वाटतो. मुलांना कुठल्या खेळाला घालायचे इथपासून कोणाच्या कष्टाला मान द्यायचा इथपर्यंत त्याचे परिणाम पोचतात, म्हणून त्याचे खंडन नीट व्हायला हवे.

आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडू. मल्ल पहाटे उठतो, जोर-बैठका मारतो, हौद्यात उतरतो. समोरचा माणूस त्याच तयारीचा असतो आणि त्याला तुम्हाला आपटायचेच असते. कान सुजून गाठी होतात, गुडघा निखळतो, मान आखडते. नेमबाजाच्या समोर कागद असतो. कागद उलट वार करत नाही. बुद्धिबळात प्यादे मेले तरी खेळाडूला खरचटत नाही. मग ज्यात शरीर, मन आणि जोखीम तिन्ही पणाला लागतात तो खेळ जास्त अवघड, हे मान्य करायला अडचण काय?

या युक्तिवादाला आकड्यांचा पोशाखही मिळाला आहे. ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने २००४ च्या सुमारास ६० खेळांची क्रमवारी केली होती. दमसास, ताकद, स्फोटक जोर, वेग, चपळाई, लवचीकपणा, धाडस, मार सोसण्याची क्षमता, हात-डोळ्यांचा मेळ आणि विश्लेषणबुद्धी असे दहा गुण ठरवले, तज्ज्ञांच्या मंडळाने प्रत्येक खेळाला प्रत्येक गुणासाठी दहापैकी गुण दिले आणि बेरीज केली. बॉक्सिंग पहिले आले, मासेमारी शेवटची. नेमबाजी तळाच्या घोळक्यात. खो-खो आणि कबड्डी यादीतच नाहीत.

ही पद्धत शास्त्रीय दिसते, पण निकाल त्या दहा गुणांच्या निवडीतच ठरून गेला आहे. दहांपैकी सात गुण देहाच्या हालचालीचे किंवा सोसण्याचे आहेत. ताकद आणि स्फोटक जोर वेगळे मोजले, वेग आणि चपळाई वेगळी मोजली, म्हणजे ज्या खेळात एक आहे त्यात बहुधा दुसरेही आहे आणि त्याला दोनदा गुण मिळाले. स्थिरता हा गुण मात्र कुठेच नाही. एकाग्रता नाही. लय नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे नाही. शिवाय बेरीज तरी कशाची? दमसासाचे आठ गुण आणि हात-डोळ्यांच्या मेळाचे आठ गुण एकमेकांत मिळवणे म्हणजे विहिरीची खोली आणि पाण्याची गोडी यांची बेरीज करणे. उत्तर येईल, पण ते कशाचेच नसेल.

आता ज्याला 'नेम धरणे' म्हणून बाजूला सारले जाते ते जवळून पाहू. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढे. केंद्रापासून कड फक्त पाच मिलिमीटरवर. हिशेब करून पाहा. खांद्यापासून मीटरभर पुढे असलेले नळीचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकले, तर ५० मीटरवर गोळी पाच मिलिमीटर सरकते. छातीतला ठोका नळीला याहून जास्त हलवू शकतो. म्हणून नेमबाज श्वास अर्ध्यावर थांबवतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत चाप ओढायला शिकतो.

हे त्याला तीन आसनांत करायचे असते: गुडघा टेकून, पालथे झोपून, उभ्याने. पहिल्या दोन्हींत दंडाला बांधलेल्या पट्ट्याचा आधार चालतो. उभ्याने तो पट्टाही चालत नाही. कॅनव्हास आणि चामड्याचे ताठ जाकीट घातलेला नेमबाज कमरेतून मागे झुकतो, डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि आठ किलोंपर्यंतच्या रायफलीचा भार स्नायूंवरून हाडांवर सोडून देतो. पाठीचा कणा तासन् तास या वेड्यावाकड्या वळणात ठेवायचा, आणि तरी डोळा, बोट, श्वास मोकळे ठेवायचे. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत साठ गोळ्यांत सहाशेपैकी ५९० गुण मिळवून कुसाळे सातवा आला आणि अंतिम आठांत बसला. त्याचाच सहकारी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ गुणांवर अकरावा राहिला आणि बाहेर पडला. साठ गोळ्यांत एका गुणाचा फरक. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या टप्प्यात कुसाळे मागे होता. वर सरकला तो उभ्या आसनात, म्हणजे जिथे आधार सर्वांत कमी तिथे. शेवटी ४५१.४ गुणांवर तिसरा.

यात घाम दिसत नाही, कारण घाम दिसू न देणे हेच तर त्यातले कौशल्य आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. खेळात काय सोसावे लागते हा एक प्रश्न, आणि काय साधावे लागते हा दुसरा. मुष्टियोद्धा जे सोसतो ते नेमबाज सोसत नाही. हे निर्विवाद आहे आणि त्याचा मान मुष्टियोद्ध्याला मिळालाच पाहिजे. डोक्यावर बसणाऱ्या ठोशांचे परिणाम आयुष्यभर राहतात. त्याची तुलना कुठल्याही लक्ष्यभेदाशी करणे हा त्या माणसाचा अपमान होईल. पण सोसणे जास्त म्हणून साधणे जास्त अवघड, हा निष्कर्ष कुठून आला? धोका वेगळा आणि अवघडपणा वेगळा. दोन्ही एकाच मापात ओतल्यामुळे उतरंड तयार होते.

या गोंधळाने कुस्तीचेही नुकसानच केले आहे. कुस्तीचा मोठेपणा सोसण्यात आहे असे म्हणणारा कुस्तीला रग आणि ताकद एवढ्यावर आणून ठेवतो. तेवढेच असते तर जोर-बैठकांवर भागले असते. वस्तादाची गरज कशाला पडली असती? खाशाबा १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला ५७ किलो गटात खेळले. बांध्याने लहान, पण चपळ, आणि ढाक या डावात पक्के. ढाक टाकताना समोरच्याचा तोल कुठल्या पायावर आहे, तो कोणत्या क्षणी दुसऱ्या पायावर जाणार आहे, हे हाताच्या पकडीतून कळावे लागते. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हे ज्ञान हातात मुरायला वर्षे जातात. लंडनमध्ये १९४८ ला हेच खाशाबा सहावे आले होते, तेव्हाही अंगात ताकद होती. पण सगळी तयारी लाल मातीवरची होती आणि समोर गादी होती, नियमही वेगळे. मातीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करायचे असते. गादीवर चीत न करताही एकेक गुण जमवून कुस्ती मारता येते, आणि तोच पाय तिथे वेगळा रुततो, वेगळा निसटतो. एकच खेळ, एकच माणूस, आणि अवघडपणा बदलला. आजही महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवावे लागतात. कुस्तीला वजनगटही करावे लागतात, कारण ५७ किलोचा आणि १२५ किलोचा मल्ल यांच्यात श्रेष्ठ कोण हा प्रश्न तालमीतही कोणी विचारत नाही. स्वतःच्या आखाड्यात जी तुलना कुस्ती टाळते, ती आपण तिला सगळ्या जगाशी करायला लावतो.

उतरंडीचे काही विरोधकही चुकीच्या वाटेने जातात, त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. बुद्धिबळाची बाजू घेणारे सांगतात की मोठ्या स्पर्धेत बुद्धिबळपटू दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतो. या आकड्याला भक्कम मोजमापाचा आधार नाही. मेंदू विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा वापरतो आणि गहन विचाराने त्यात थोडीच भर पडते. पण मला आक्षेप आकड्यापेक्षा त्यामागच्या शरणागतीवर आहे. बुद्धिबळ अवघड ठरवायला त्याला मॅरेथॉनच्या मापाने का मोजायचे? नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी इथे महिला विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपीसारख्या दिग्गजाला जलद टायब्रेकमध्ये हरवून. घड्याळातली मिनिटे संपत असताना अचूक चाल शोधणे आणि आधीच्या डावातली हुकलेली संधी मनातून काढून टाकणे, हा तिचा अवघडपणा. तो कॅलरीत मावत नाही आणि मावायची गरजही नाही.

क्रिकेटकडे बघू. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास घेतो. असे वाटेल की मोठा फलंदाज जन्मतःच विजेच्या वेगाने प्रतिसाद देत असणार. पण मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिओड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की टप्प्यावरून चेंडू अनपेक्षित वळला तर कसलेल्या फलंदाजालाही फटका बदलायला सामान्य माणसाइतकाच, साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे कसब प्रतिसादाच्या वेगात नाही. गोलंदाजाचे मनगट, खांदा, पहिल्या काही फुटांतला चेंडू यांवरून पुढचे ओळखण्यात आहे. २००४ मध्ये अमेरिकेत बेसबॉलचे नामवंत फलंदाज सॉफ्टबॉलची गोलंदाज जेनी फिंच हिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांना चेंडूला बॅट लावता येईना. डोळे तेच होते, पण ती खालून फेकत होती आणि त्या फेकीची वर्षांची ओळख त्यांच्याकडे नव्हती. यात सॉफ्टबॉल वर आणि बेसबॉल खाली असे काही सिद्ध होत नाही. एका खेळाचे कसब दुसऱ्यात चालत नाही, एवढेच दिसते. मग सगळ्या खेळांना एका शिडीवर उभे करणार कसे?

तरीही एक खरा आक्षेप उरतो. "मग काय कॅरम आणि बॉक्सिंग सारखेच?" माझे उत्तर असे की खेळ सोपा-अवघड ठरतो तो समोर कोण आहे त्यावर. गल्लीतला कॅरम सोपा, कारण गल्लीतले खेळाडू सोपे. गल्लीतले फुटबॉलही सोपेच असते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस धावतो: २८ अडथळे, सात पाण्याच्या उड्या. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्य मिळवले, सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो त्याहून वेगात धावला, ८ मिनिटे ०९.९१ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम, आणि सहावा आला. अडथळे तेवढेच, पाणी तेवढेच, पाय त्याचेच. बदलले होते ते शेजारून धावणारे.

म्हणून एक तुलना मी मान्य करतो: कुठल्या खेळात किती लोक, किती देश, किती जीव तोडून उतरतात. जिथे स्पर्धा दाट, तिथे शिखर गाठणे जास्त अवघड. पण ही गोष्ट त्या खेळाच्या स्वभावात कोरलेली नसते, ती वर्षागणिक बदलते, आणि याचा अनुभव आपल्याला कबड्डीने दिला. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धांतली पुरुष कबड्डीची सातही सुवर्णपदके भारताची होती. "आपलाच खेळ, जिंकणारच" असे म्हणत आपण त्याला सोप्या खेळांत ढकलले होते. २०१८ मध्ये जाकार्तात इराणने पुरुषांच्या उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असे हरवले, आणि महिलांच्या अंतिम सामन्यात २७-२४ असे. मैदान तेच, चढाईची तीस सेकंदे तीच, नियमांत असे काहीच बदलले नव्हते की कबड्डी एकाएकी अवघड व्हावी. इराणच्या मुलींना घडवले होते नाशिकच्या प्रशिक्षक शैलजा जैन यांनी. त्यांनी दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या मुलींना पकड, बोनस, चढाईतला धीर शिकवला आणि भारतासाठी कबड्डी अवघड झाली. २०२३ मध्ये हांगझोऊला भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली: पुरुषांनी इराणवर ३३-२९ अशी, महिलांनी चायनीज तैपेईवर २६-२५, म्हणजे एका गुणाने.