पायरी किती उंच?

ग्रामपंचायतीची नवी इमारत मंजूर झाली की गावात पेढे वाटले जातात. जुनीच नीट करायची म्हटलं तर कोणी पेढा वाटत नाही. पण आपल्या वर्धा जिल्ह्यातली कितीतरी मोठी कामं जुन्या, दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरांतच झाली आहेत.

मगनवाडी घ्या. ती जमनालाल बजाज यांची बाग आणि घर. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा त्यांनी ती जागा संघाला दिली. मगनलाल गांधींवरून तिला नाव मिळालं. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधमाशा, कचेरी आणि शिकवणं, सगळं एकाच आवारात चाले. 1938 मध्ये मगन संग्रहालयही तिथेच उघडलं.

सेवाग्रामचं तर आणखी मजेशीर आहे. 1936 मध्ये बापू तिथे राहायला गेले, तेव्हा आदिनिवास हे एकच घर होतं. बापू, बा, सोबतचे, आले-गेले पाहुणे, सगळे त्यातच. मग दाटी झाली. मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली कुटी होती, तीच वाढवून बापूंसाठी केली. आज जगभरातून लोक जी बापूकुटी पाहायला येतात, ती मुळात दुसरीची खोली! शेवटी बापू ज्या आखरी निवासात राहिले, तेही मूळचं जमनालालजींसाठी बांधलेलं.

आता दाराची गोष्ट. 1928 मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी सगळ्या जातींसाठी खुलं केलं. फार मोठी गोष्ट ती. पण ज्याला पायरी चढता येत नाही, त्याला उघडं दारही बंदच. त्याच्यासाठी देशात कायदा व्हायला 1995 उजाडलं. पुढे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. नियम 2017 च्या जूनमध्ये निघाले आणि तिथून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीही सोयीच्या करायच्या होत्या. ती मुदत कधीच उलटली.

एका कार्यालयात मी पाहिलं, दोन फूट उंच जोतं आणि त्याला सहा फुटांचा रॅम्प. घसरगुंडीच म्हणा. खुर्ची वर ढकलायला दोन माणसं, उतरवताना धरायला तीन. निराधार योजनेची एक आजी खालीच बसते, लिपिक बाहेर येऊन तिचा अंगठा घेतो. सगळे म्हणतात, किती चांगला माणूस! आहेच चांगला. पण आजीला आपला अर्ज कुठल्या टेबलावर पडून आहे, ते कधी दिसत नाही.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दोन फूट जोत्याला चोवीस फूट. समोर जागा नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन वळवायचा. कठडा दोन्ही बाजूंना. दार जवळजवळ तीन फूट रुंद, आणि संडासचं दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडत नाही. एवढ्यासाठी इमारत पाडायची गरज नाही. गरोदर बाई, गुडघे दुखणारी सासू, सायकलवरून बियाण्याचं पोतं आणणारा, सगळ्यांनाच ते कामी येतं.

आणि सभागृहाचं कुलूप? ग्रामसभा झाली की ते लागतं. आपल्या गटाची बैठक मात्र कोणाच्या तरी ओसरीवर, सासऱ्यांच्या जेवणाची वेळ सांभाळून. ठरलेल्या दिवशी गटाला, ठरलेल्या दिवशी लसीकरणाला, ठरलेल्या दिवशी बँकेच्या माणसाला ते उघडलं तर नवी खोली मागावीच लागणार नाही. किल्ली कोणाकडे आणि झाडलोट कोणाची, हे आधी लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात भांडण.

ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथे हे मांडा आणि विकास आराखड्यात लिहून घ्या. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी ठेवलेले असतात, ते कशावर खर्च झाले तेही विचारा. जाताना शिवणकामाची फूटपट्टी सोबत न्या. आधी जोतं मोजा, मग रॅम्प.