केमो आधी की रेडिएशनसोबत?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एक गोष्ट मला कळेना. घशाच्या कॅन्सरची गाठ केमोने डोळ्यांदेखत आटते, तरी रुग्णाचं आयुष्य फारसं वाढत नाही. असं कसं?

यातलं मुख्य औषध सिस्प्लॅटिन. 1965 मध्ये मिशिगनच्या बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडजवळचे जिवाणू विभागायचं सोडून नुसते लांबत चाललेले दिसले. 1978 मध्ये अमेरिकेत हे औषध मंजूर झालं. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये ते वापरताना तर्क सरळ होता: आधी केमोने गाठ लहान करा, मग रेडिएशन द्या.

1991 ची अमेरिकेतली, निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांमधली चाचणी याच तर्काची. स्वरयंत्राचा बळावलेला कॅन्सर असलेले 332 रुग्ण. तेव्हाचा रूढ उपचार म्हणजे अख्खं स्वरयंत्र काढून टाकणं. म्हणजे आवाज गेला आणि श्वास कायमचा गळ्याच्या छिद्रातून. निम्म्या रुग्णांना त्याऐवजी आधी केमो आणि मग रेडिएशन दिलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत 68 टक्के रुग्ण हयात, आणि दुसऱ्या गटातल्या 64 टक्क्यांचं स्वरयंत्र शाबूत! आनंदाचीच बातमी. पण एक खोट राहिली. नुसतं रेडिएशन दिलेला तिसरा गटच नव्हता. मग आवाज वाचवला कुणी, केमोने की रेडिएशनने?

ते 2003 मध्ये कळलं. आरटीओजी 91-11 या चाचणीत तीन गट होते. दोन वर्षांनी स्वरयंत्र टिकलं ते असं: केमो रेडिएशनसोबत दिली तर 88 टक्के, आधी दिली तर 75, नुसत्या रेडिएशनने 70. म्हणजे 'आधी'चा फायदा जेमतेमच. (एकूण आयुर्मान मात्र तिन्ही गटांत जवळपास सारखं होतं, हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं.)

कारण असं की रेडिएशन पेशीचा डीएनए तोडतं आणि सिस्प्लॅटिन त्याची दुरुस्ती अवघड करतं. दोघं एकाच वेळी हजर असतील तरच हे जमतं. शिवाय उपचार लांबला की उरलेल्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात, हे विदर्स यांनी 1988 मध्येच दाखवलं होतं. आधीच्या केमोने तेच होत असावं, असा एक अंदाज आहे. 2009 मध्ये 93 चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सोबत दिलेल्या केमोने पाच वर्षांनी 100 रुग्णांमागे साडेसहा जास्त जगलेले दिसले.

हे फुकट मिळत नाही. तोंड सोलवटतं, गिळता येत नाही, कान आणि किडनीवर परिणाम होतो. 91-11 च्या दहा वर्षांनंतरच्या आकड्यांत तर 'सोबत'च्या गटात कॅन्सर सोडून इतर कारणांनी झालेले मृत्यू जास्त निघाले.

म्हणून आपल्याकडे बरेच डॉक्टर तीन आठवड्यांनी 100 मिलिग्रॅमऐवजी दर आठवड्याला 30 द्यायचे (हे डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे). मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने 300 रुग्णांवर हे तपासलं. 2018 चा निकाल: दोन वर्षांनी त्या भागातला आजार आटोक्यात असण्याचं प्रमाण साप्ताहिक गटात 58.5 टक्के, तीन आठवड्यांच्या गटात 73.1. त्रास कमी झाला, पण आजारही जास्त परतला.

साधा गुणाकार करा. 30 चे सात डोस म्हणजे 210, 100 चे तीन म्हणजे 300. आणि 40 चे सात? 280. जपानने 2022 मध्ये ऑपरेशन झालेल्या रुग्णांत हाच 40 चा डोस वापरला, तेव्हा तो तीन आठवड्यांच्या डोसापेक्षा कमी पडला नाही.