विकलेले पान

पांढुर्णा आणि सौसर ही नावे आपल्या गोव्यात फार थोड्यांनी ऐकली असतील. ऐकली असलीच तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी होणाऱ्या गोटमारीमुळे. नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशात असलेल्या या तालुक्यांत घरोघरी मराठी बोलतात. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्यांची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ निघून गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे तालुके तिकडेच राहिले. २०२३ मध्ये दोन्ही मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कचेरी हिंदीत, शाळा हिंदीत आणि घर मराठीत, असा तिथला संसार.

एका नातलगाच्या लग्नासाठी सौसरला गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो ते निवृत्त शिक्षक, थोडी संत्र्याची बाग असलेले. सकाळी नागपूरचे मराठी वर्तमानपत्र आले. मी पुरवणी उघडली. एका पुढाऱ्यावर पानभर मजकूर होता. गुरुजी म्हणाले, "ते पान सोडा जी, ते विकलेलं हाय."

"कशावरून?" मी विचारले. पानावर 'जाहिरात' असे कुठेही लिहिले नव्हते.

"ज्या बातमीत कोणाचंच काही चुकत नाही, ती विकलेली समजा. औषधाची जाहिरात मी वाचतो. तो माणूस सांगतो तरी, की मी विकायले बसलो."

गुरुजींच्या या वाक्यात मराठी नियतकालिकांचा निम्मा इतिहास आहे, असे मला परतीच्या प्रवासात वाटत राहिले.

जाहिरातीचे आणि आपल्या वाङ्मयाचे कधीच वैर नव्हते. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजतागायत दिवाळी अंक जाहिरातींच्या आधारावरच उभे आहेत. कथा एका पानावर, साबणाची जाहिरात दुसऱ्या पानावर. वाचकाला दोन्ही दिसत आणि दोन्ही वेगळी कळत.

त्याहून बोलके उदाहरण 'किर्लोस्कर'चे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, ते आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. म्हणजे सरळसरळ जाहिरातच! शंकरराव किर्लोस्करांनी त्यातूनच एक नामवंत मासिक घडवले. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. नांगर विकणाऱ्याच्या घरातून निघालेल्या मासिकावर मराठी मध्यमवर्गाने विश्वास ठेवला. कारण मालकाचे नाव कपाळावरच लिहिलेले होते. तिथे लपवाछपवी नव्हती.

लपवाछपवीचा धंदा मागाहून आला. २००३ मध्ये देशातल्या एका सर्वांत मोठ्या वृत्तपत्रसमूहाने 'मीडियानेट' नावाची योजना काढली आणि पुरवण्यांतील मजकुराची जागा पैसे घेऊन देण्याची रीतसर सोय झाली. सिनेमा आणि फॅशनपासून सुरू झालेले हे लोण निवडणुकीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उजेडात आणले. चव्हाणांनी आयोगाला सादर केलेल्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांच्या हिशेबावर ठपका ठेवला, तो दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला.

मध्य प्रदेशातही तेच झाले. दतियाचे आमदार नरोत्तम मिश्रा यांना २००८ च्या निवडणुकीतील अशाच बातम्यांवरून आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरवले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेशही रद्द केला. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोन सदस्यांनी या विषयावर ७१ पानांचा अहवाल लिहिला होता. २०१० मध्ये कौन्सिलने लोकांपुढे ठेवला तो त्याचा संक्षेप. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतरच बाहेर आला.

माझे आयुष्य फायलींत गेले. पावती नसलेला पैसा सिद्ध करणे किती अवघड, हे मला ठाऊक आहे. न्यायालयाला पुरावा लागतो आणि तो लागायलाच हवा. पण वाचक पुराव्यासाठी थांबत नाही. एकदा संशय आला की तो पान उलटतो, आणि मग त्या अंकातली खरी बातमी आणि खरी जाहिरात या दोघींनाही त्या संशयाचा भुर्दंड भरावा लागतो.

मुंबई-पुण्यात वाचक एक मराठी पेपर टाकून दुसरा घेईल. सौसरचे तसे नाही. गुरुजींचा नातू हिंदी वर्तमानपत्र वाचतो. मी कारण विचारले, तर म्हणाला, "दोन्हीत तेच असते. मग शाळेच्या भाषेतले का नको?"

गुरुजी काही बोलले नाहीत. आपल्या गोव्यातही मराठी शाळांची पटसंख्या आणि मराठी पेपरचा वाचक यांची काळजी आपण करतोच. सीमेवरच्या मराठीला रोज दारात येणारा एकच पाहुणा असतो, तो म्हणजे सकाळचा पेपर. त्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला, तर त्याला घरात घेणार कोण?