आयरिश कॉफी आणि मोहाची भट्टी



आयर्लंडमध्ये शॅनन नदीच्या खाडीवर फॉइन्स नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्यावर उतरणारी विमाने तेथे थांबत. १९४३ च्या सुमारास तेथील जो शेरिडन या आचाऱ्याने थंडीने गारठलेल्या उतारूंना गरम कॉफीत साखर व व्हिस्की घालून, वर साय सोडून दिली. तीच आयरिश कॉफी. पुढे १९७४ साली साय व व्हिस्की फाटणार नाहीत अशा रीतीने एकत्र करून 'बेलीज' हे पेय बाजारात आले व तेथील गोठ्यातल्या दुधाला नवे गिऱ्हाईक मिळाले.

परंतु याच आयर्लंडमध्ये गरीब शेतकऱ्याची घरगुती दारू होती, तिचे नाव पोटीन. १६६१ साली इंग्रजी सत्तेने दारूवर कर बसविला आणि करावाचूनची भट्टी गुन्हा ठरली. पोटीन उघडपणे देशात विकण्यास मुभा मिळाली ती १९९७ साली!

त्याच सत्तेने आपल्याकडे काय केले? पेठ-दिंडोरीच्या डोंगरांत चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. ती वाळवून दुष्काळात खातात. भिजवून, आंबवून मडक्यात गाळली की दारू होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही घरची भट्टी बंद झाली. गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर फुले बाळगण्यावरही कायद्याने बंधन आले. घरची वस्तू दुकानात विकत घ्यायची, पैसे नसले की उधार, आणि उधारी फेडायला मजुरी.

या जाचाला उत्तर दिले ते आदिवासींनीच. १९२२ साली 'देवी'ची लाट सुरगाणा संस्थानातून डांग व सुरतेकडे गेली. देवी ज्याच्या अंगात येई त्याच्या तोंडून आज्ञा होई : दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, मक्तेदारांशी व्यवहार तोडा. गावेच्या गावे दारूच्या दुकानांकडे फिरकेनाशी झाली. कोणी याला अंधश्रद्धा म्हणो, मी याला संप म्हणतो. कारण पुढारी, पत्रक, वर्गणी यांपैकी काही नसताना माणसांनी एकजुटीने आपली मजुरी वाचविली.

दारूचे गोडवे गाण्यास मी उभा नाही. पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानात गेलेले संसार मी पाहिले आहेत. पण न्याय एकच हवा. २००१ साली राज्याने द्राक्षांच्या वाइनसाठी खास धोरण आखले. मोहफुले गोळा करण्या-साठविण्यावरील निर्बंध उठले ते २०२१ साली. परवान्याशिवाय गाळणे आजही गुन्हाच. सायीला आणि द्राक्षाला कारखाना मिळाला, तर मोहफुले वेचणाऱ्या बाईलाही तिच्या फुलांचा रास्त दाम मिळाला पाहिजे, मग त्या फुलांचे लाडू होवोत वा आणखी काही.