दुष्काळाचा इतिहास वऱ्हाडच्या शाळेत

अमरावती-अकोल्याच्या शाळांत पर्यावरण म्हटले की पावसाळ्याच्या तोंडाशी रोपे लावायची, 'पाणी वाचवा'चे फलक रंगवायचे आणि वर्षअखेरीस प्रकल्पाची वही जमा करायची, एवढेच उरले आहे. परिसर अभ्यासाचे पुस्तक बहुतेक इयत्तांत साऱ्या राज्याला एकच. त्यात दर्यापूरच्या विहिरीचे पाणी खारे का आणि वरूडची विहीर आटली का, हे कोठून येणार? वऱ्हाडच्या मुलांना जमिनीची आणि पाण्याची जबाबदारी शिकवायची असेल, तर ती इथल्या दुष्काळांच्या आणि शेतीच्या इतिहासातून शिकवावी, असे माझे ठाम मत आहे. पाऊस किती पडावा हे कोणाच्या हाती नाही. तो हुकला की कोणावर काय वेळ येणार, हे मात्र आधीच्या वीस-तीस वर्षांत माणसांनीच ठरवून ठेवलेले असते.

वऱ्हाडाइतका याचा उघड पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर पूर्णा नदीकाठच्या काळ्या मातीकडे वळली. 1867 पर्यंत भुसावळ-बडनेऱ्यावरून रूळ नागपूरला भिडले. 1870 मध्ये खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, कारण खामगावला कापसाची मोठी बाजारपेठ होती. वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पसरत गेली आणि ज्वारी मागे हटली. ज्वारीबरोबर हटले ते पेव. गावठाणाच्या कोरड्या, घट्ट जमिनीत खोल खड्डा खणायचा, आतून कडबा-गवताचे अस्तर द्यायचे, ज्वारी भरून तोंड मातीने लिंपायचे. उघडताना लगेच आत उतरायचे नाही, कोंडलेला वायू जीव घेतो. म्हणून तोंड बराच वेळ मोकळे ठेवायचे. असे धान्य काही वर्षे टिके. पेव ही गावाची पत होती आणि वाईट वर्षाची तरतूदही. दाण्याला रेल्वेने दूरचा भाव मिळू लागला आणि हातात कापसाचा पैसा खेळू लागला, तेव्हा धान्य जमिनीत पुरून ठेवणे अनेकांना तोट्याचे वाटले असल्यास नवल नाही.

वऱ्हाड दुष्काळापासून सुरक्षित आहे, असा सरकारचाही समज होता. 1896-97 ने त्याला तडा दिला आणि 1899-1900 ने तो पुरता मोडला. 1891 च्या शिरगणतीत सुमारे 29 लाख असलेली लोकसंख्या 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. बाजारात धान्य होते, बाहेरून रेल्वेने येतही होते. पण निंदणाची, वेचणीची मजुरी बुडालेल्याच्या हाती ते घ्यायला पैसा नव्हता. यावर रास्त आक्षेप असा, की 1899-1900 मध्ये गुजरात-राजस्थानातही हाहाकार उडाला, मग दोष कापसाचा कसा? शिवाय जुने दिवस तरी कुठे सुखाचे होते? 1803 मध्ये अडगाव आणि गाविलगडच्या लढायांपाठोपाठ वऱ्हाडाने उपासमार सोसलीच होती. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पेवांनी सलग दोन-तीन अवर्षणे निभावली असती, असेही मी म्हणत नाही. कापसाने अनेक घरांत पैसा आणला, हेही खरे. माझे म्हणणे इतकेच, की पिकांची निवड, साठ्याची सवय आणि मजुराच्या हातातली पत या तिन्ही गोष्टी माणसांच्या हातातल्या होत्या. पाऊस चुकण्याआधीच त्या बदलल्या होत्या. मुलाला हा फरक एकदा उमजला, की दुष्काळ त्याला निव्वळ दैवाचा फटका वाटणार नाही.

आजचा धडा शिवारातच पडला आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर हा खारपाणपट्टा. इथले भूजल खारट, पिकाला दिले तर जमीन चोपण होते. म्हणून इथला शेतकरी पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा पिकवतो आणि शेततळ्यात पावसाचे पाणी धरतो. सातपुड्याच्या पायथ्याशी वरूड-मोर्शीत गोडे पाणी होते. संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल जात राहिले आणि भूजल उपशाच्या बाबतीत वरूडचे नाव राज्यात धोक्याच्या यादीत गेले. गावांच्या जलसंधारणाच्या कामांसाठी भरलेल्या 2016 च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत वरूड होता, तो काही योगायोग नव्हे. दर्यापूर आणि वरूड, एकाच जिल्ह्यातली ही दोन पाणी मुलांनी शेजारी ठेवून पाहावीत. तलाठ्याकडच्या पीकपेऱ्याच्या नोंदींतून आपल्या गावात ज्वारी कधी घटली आणि सोयाबीन कधी आले ते काढावे. ज्वारी गेल्याने कडबा गेला, कडब्याबरोबर बैल किती गेले, हे घरीच विचारावे. गुरांसाठी राखलेली ई-क्लास जमीन नकाशावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे चालत जाऊन मोजावे.

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे? याला वेगळा तास लागत नाही. इतिहास, भूगोल आणि गणित यांच्या वाट्याचे तास पुरतात. मला अधिक गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप: ज्या घरात कर्जाने माणूस खचला आहे, तिथल्या मुलाला आपल्या बापानेच बोअर मारून पाणी संपवले, असे शिकवायचे का? मुळीच नाही. हा इतिहास नीट शिकवला तर उलटेच दिसते. 1860 च्या दशकात पऱ्हाटी वाढवणारा कुणबी आणि आज आठशे फूट बोअर घेणारा बागायतदार, दोघेही समोरच्या भावाला, कर्जाला आणि धोरणाला उत्तर देत होते. म्हणूनच शिवाराचा हिशोब एकट्या शेतकऱ्याकडे मागता येत नाही. तो ग्रामसभेत मांडावा लागतो, सावकाराला आणि बँकेला विचारावा लागतो, सरकारच्या हमीभावाशी ताडून पाहावा लागतो. हे शिकवायला लागणारी मदतही जवळच आहे. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अमरावतीत शिक्षणसंस्था उभारली आणि पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ 1969 पासून अकोल्यात आहे. त्या विद्यापीठाचे माती-पाण्याचे ज्ञान आणि गावातल्या शाळेचा परिसर अभ्यास यांची गाठ पडावी, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. खारपाणातल्या एखाद्या शाळेने आपल्या विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला नेला तरी सुरुवात होते.